पहिली जाळी

“पहिली जाळी तळ्याची. तिच्यात डोकावायचं नाही. न बघता परत सोडायची... आणि का म्हणून विचारायचं नाही.”

“पण का, सर?” तितिक्षाने खानझोडेसरांना विचारलं.

हटवारमॅडमनी कपाळाला हात लावला. “नाव तितिक्षा, आणि धीर म्हणशील तर पाणपिसूएवढाही नाही!”

पाथरबोडी तळ्याच्या काठावर चौघेच होते. तळ्यातले बारीक जीव तपासण्यात उभा जन्म घालवलेले खानझोडेसर. त्यांचे जुने विद्यार्थी, आता स्वतःच निवृत्तीला टेकलेले हटवारमॅडम आणि लांजेवारसर. आणि सगळ्यात धाकटी विद्यार्थिनी, तितिक्षा.

तळं असं उरलंच नव्हतं. गाळ काढायचा म्हणून पाणी सोडून दिलं होतं. पाळीवर, मातीच्या बांधावर, यंत्रं येऊन उभी होती. मधल्या खोलगट भागात तेवढं पाणी होतं, जेमतेम एकदा जाळी ओढता येईल इतकं. उद्या तेही नसणार.

सर त्या डबक्याकडे बघत होते, पण त्यांना दिसत होतं ते वेगळंच तळं. शिंगाड्याच्या वेलींनी भरलेलं, काठाकाठाने निवळीचे किडे गरगरत असलेलं. आणि त्यात साडीचा काचा मारून गुडघाभर पाण्यात उभ्या दाबकेबाई, सरांच्या गुरू.

“मीही विचारलं होतं बाईंना,” सर म्हणाले. “म्हणाल्या, दिगंबर, कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेलास, की आधी भांड्यांवरची झाकणं उचलतोस का रे?”

“आणि जाळी सोडली की भिजल्या पदरातून आम्हालाही मुरमुरे वाटायच्या,” बाईंना म्हातारपणी पाहिलेले लांजेवारसर हसले. “अर्धे मऊ झालेले...”

तितिक्षालाही हसू आलं. याच काठावर तिने भिंगातून पहिल्यांदा चतुराची अळी पाहिली होती, आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवणसुद्धा विसरली होती.

पण आजची गोष्ट वेगळी होती.

बाईंनी या तळ्यात एकदा काळ्या पाठीचा शिंपला जिवंत पाहिला होता. पुढे तो कुणालाच दिसला नाही. सरांनी जन्मभर शोधला. हाती आली ती रिकामी टरफलं. तो अजून जिवंत आहे असं दाखवता आलं, तर निदान हा खोलगट भाग खोदायचा नाही, असं गाळ काढणाऱ्यांनी कबूल केलं होतं.

तितिक्षा चिखलात उतरली. जाळी तळाशी टेकवून तिने एका दमात ओढली.

“जड आहे...”

“सोड परत,” लांजेवारसर काठावरून म्हणाले. “मग दुसरी ओढ.”

“दुसरी कुठून ओढू, सर? तळ होता तो सगळा हिच्यात आला. पहिली हीच, आणि शेवटची हीच.”

“नियम म्हणजे नियम. सरांनी आयुष्यभर पाळला. तू कोणापुढे बोलून राहिली, कळतं का?”

“कळतं, म्हणूनच बोलतेय. आयुष्यभर जे शोधलं, ते आयुष्यभर पहिल्या जाळीतूनच परत सोडलं असेल तर?”

“तितिक्षा!” हटवारमॅडमचा आवाज चिरकला.

“उद्या घरच पाडणार आहेत, मॅडम. आणि आपण अजून पाहुण्यासारखे अंग चोरून दारात उभे! मी नाही सोडणार.”



पाळीवर यंत्रांजवळ कुणीतरी रेडिओ लावला.

सरांनी चपला काढल्या. पँट दुमडली. तोल सावरत, एकेक पाऊल उपसत ते तिच्यापर्यंत आले. आता हिसकावून घेणार, असं वाटून तिने जाळीची दांडी छातीशी धरली.

सरांनी डोळे मिटले. जाळीतल्या चिखलात हात घातला. बोटं हळूहळू फिरली... फिरली... आणि एका टणक कडेवर थांबली.

डोळे त्यांनी उघडले नाहीत.

“न बघण्याचा शब्द बाईंना मी दिलाय,” ते म्हणाले. “तू बघ.”