चंदनाची रेघ

फार पूर्वी नदीकाठच्या शतपर्णी नगरीत महीधर राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका गंध्याच्या घरी जन्माला आला. गंधी म्हणजे सुवासिक तेले, धूप आणि उटणी करून विकणारा. मोठा झाल्यावर बोधिसत्त्व त्या विद्येत इतका निपुण झाला, की नगरीतल्या साऱ्या गंध्यांनी त्याला आपल्या श्रेणीचा, म्हणजे व्यवसायसंघाचा, प्रमुख केले.

त्या श्रेणीत मानाची एक पद्धत होती. प्रमुखाच्या वरच्या ओठावर, अगदी नाकाखाली, रोज सकाळी चंदनाच्या उटीची रेघ ओढत. उटी मलयगिरीच्या चंदनाची, त्यात केशर मिसळलेले. रस्त्याने जाताना ती रेघ दिसली की लोक आपोआप बाजूला होत. ज्याची सारी विद्या नाकावर, त्याच्याच नाकाखाली एवढा दरवळ ठेवायचा, हे वेड कोणाच्या ध्यानात कसे आले नाही, असे तुम्ही विचाराल. पण मानाच्या गोष्टींना कोणी असे प्रश्न विचारत नाही. बोधिसत्त्वानेही विचारला नाही. त्याने बरीच वर्षे ती रेघ लावली.

त्याला काही येईनासे झाले होते, असे नव्हे. केशराचा रंग पाहून ते कोणत्या खोऱ्यातले हे तो सांगे, धुपाचा खडा हातात तोलून त्याचा कस सांगे. जे एकदा शिकला होता त्यातले काही तो विसरला नव्हता. फक्त त्यात नवीन काही पडत नव्हते, आणि ते त्याला कळलेही नव्हते.

एके वर्षी राजाची आई भद्रवती हिने अन्न सोडले. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि रोग काहीच नाही म्हणून माना हलवल्या. राजमाता लहानपणी दूरच्या डोंगरी मुलखातून लग्न होऊन आली होती. त्या मुलखातले गाव पुढे दरड कोसळून नाहीसे झाले होते. तिला आता डोळ्यांनी कमी दिसे. राजाने फार विनवल्यावर ती म्हणाली, "अरे, घास तोंडाशी नेला की परका वाटतो. माझ्या आईच्या घराला एक वास होता. तो एकदा आला ना, तर जेवेन मी. काय होता ते मात्र आठवत नाही."

राजाने बोधिसत्त्वाला बोलावले. तो म्हणाला, "गंधी, मला दुसरं काही नको. माझी आई जेवली पाहिजे. थंडी पडेपर्यंत ती अशीच राहिली, तर वाचणार नाही म्हणतात."

बोधिसत्त्वाने डोंगरी मुलखातल्या फुलांची नावे आठवली, मुळ्यांची नावे आठवली, आणि त्यांतून एक सुरेख अर्क तयार केला. राजमातेने तो हुंगला आणि मान फिरवली. त्याने दुसरा आणला, तिसरा आणला. दर खेपेस तो अधिक मौल्यवान कुपी आणी आणि दर खेपेस ती अधिक लवकर मान फिरवी. शेवटी एकदा ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "गंध्या, राग मानू नकोस. तू दारात आलास की मला चंदनाचाच वास येतो. तू गेलास तरी घटकाभर चंदनच येतं. तू जवळ आलास की माझं माहेर आणखी लांब जातं रे."

बोधिसत्त्वाला राग आला नाही, पण तो कुपी उचलून तसाच बाहेर पडला. वाटेत तो नदीवर उतरला आणि त्याने वरचा ओठ वाळूने घासून धुतला. मग पाण्याजवळ बसून त्याने श्वास घेतला. आजूबाजूला ओली वाळू होती, शेवाळ होते, नुकतीच पाण्यावर आलेली गुरे होती. त्यातल्या कशाचाही वास त्याला आला नाही. तो घाबरला, हे सरळ सांगितलेले बरे.

त्या वेळी त्याला आपल्या गुरूंचे अंगण आठवले. गुरू जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. सकाळी उपाशीपोटी, तोंड धुऊन सगळे शिष्य त्या अंगणात बसत. गुरू प्रत्येकाच्या तळहातावर काहीतरी ठेवीत. कधी मेथीचे पान, कधी जुन्या दोराचा तुकडा, कधी घोड्याच्या खोगिराची चिंधी. डोळे मिटून ते हुंगायचे आणि वस्तूचे नाव सोडून बाकी सारे सांगायचे. नाव घेतले की गुरू पाठीत हलकी चापट मारीत. "नाव आलं की नाक झोपतं," असे ते म्हणत. तुळशीपाशी ऊन येई, गुरुपत्नी आत कण्या शिजवीत असे, आणि त्या कण्यांच्या वासाने सगळ्यांचे लक्ष उडे. गुरू रागावत नसत. "तीच तर आजची वस्तू," म्हणून हसत. बोधिसत्त्वाला ते सारे इतके स्पष्ट आठवले की नदीच्या काठावर त्याचे डोळे भरून आले. चांगल्या दिवसांचे असेच असते. ते चालू असतात तेव्हा आपल्याला पुढे जायची घाई असते.

ते अंगण अजून होते. पुष्यक नावाचा बोधिसत्त्वाचाच एक जुना शिष्य आता तिथे नवशिक्यांना शिकवत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेणीतले लोक चंदनाची वाटी घेऊन आले, तेव्हा बोधिसत्त्वाने तोंड बाजूला केले. "आजपासून नको," तो म्हणाला.

श्रीगुप्त नावाचा गंधी मानाने त्याच्या खालोखाल होता. तो म्हणाला, "रेघ नाही तर प्रमुखपद नाही. आपला नियम तुम्हाला मी सांगायला हवा का? राजवाड्याचं कामही रेघेबरोबर जातं."

"ठाऊक आहे. वाटी तू घे."

"आणि तुम्ही काय करणार?"

"शिकायला जाईन म्हणतो."

श्रीगुप्ताला वाटले, म्हातारचळ लागला. पण वाटी हातात आली होती, म्हणून तो फार बोलला नाही. आयत्या बिळावर नागोबा व्हायला कोणाला आवडत नाही?

अंगणात बोधिसत्त्वाला रांगेत बसलेला पाहून पुष्यकाची पाचावर धारण बसली. तो हात जोडून म्हणाला, "आचार्य, तुम्हाला मी काय शिकवणार?"

"काल यांना जे शिकवलंस तेच," बोधिसत्त्व म्हणाला. "आणि नाव घेतलं तर चापट मार. नाही मारलीस तर उद्यापासून मी दुसरीकडे जाईन."

पहिल्या दिवशी त्याच्या हातावर काय ठेवले होते, ते त्याला ओळखता आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारी बसलेल्या मुली तोंडाला पदर लावून हसत. त्याहून अवघड म्हणजे, कशाचा जरासा माग लागला की त्याच्या तोंडून लगेच नाव निघे, आणि पुष्यक बिचारा डोळे मिटून त्याला चापट मारी. घरी जाताना बोधिसत्त्वाला पुष्कळदा वाटे, की हे आता या वयात व्हायचे नाही. तरी सकाळ झाली की तो उठे, तोंड धुई आणि अंगणात जाऊन बसे. शहाणपणाचे त्याने त्या दिवसांत एवढेच केले, की आज जमते आहे का याचा निवाडा आजच केला नाही.

मग एका सकाळी त्याच्या तळहातावर काहीतरी खरखरीत आले. त्याने हुंगले आणि म्हणाला, "हे उन्हात पडून होतं. त्याआधी कोणाच्या तरी डोक्यावर होतं. त्याआधी पाण्यात." डोळे उघडले तर ती डोक्यावर घागरीखाली घ्यायची गवताची चुंबळ होती. पुष्यकाच्या डोळ्यांत पाणी आले. बोधिसत्त्व मात्र आनंदाने इतका मोठ्याने हसला, की शेजारच्या कुंपणावरचे पक्षी उडाले.

इकडे श्रीगुप्त ओठावर रेघ ओढून, सोन्याची कुपी घेऊन राजवाड्यात गेला आणि हात हलवत परत आला. राजमाता आता पेजेचे पाणीसुद्धा जेमतेम घेत होती. राजाने हताश होऊन पुन्हा बोधिसत्त्वाकडे निरोप धाडला. तो प्रमुख नव्हता, म्हणून मागच्या दाराने गेला. त्याच्या हातात कुपी नव्हती. पानाच्या द्रोणात चिमूटभर तांबडी माती होती.

"आईसाहेब," तो म्हणाला, "मी हल्ली शिकाऊ आहे. माझ्याबरोबर शिकाल का? हे हुंगा आणि नाव न घेता काय येतं ते सांगा."

तिने हुंगले. पुन्हा एकदा हुंगून ती म्हणाली, "कोणीतरी सारवतंय. घाईने. पाहुणे यायचे आहेत."

त्या दिवसापासून तो रोज सकाळी अंगणातला धडा संपवून तिच्याकडे जाऊ लागला. रोज एक वस्तू नेई. कधी मेणाचा खडा, कधी शेळीच्या लोकरीचा पुंजका, कधी धुरकटलेल्या छपराची काडी. ती नाव न घेता बोले, आणि हळूहळू एक एक दार उघडावे तसे तिचे घर उघडत गेले. पडवी आली, शेळ्यांचा गोठा आला, माळ्यावर धुरात ठेवलेली नाचणीची कणसे आली. कधी ती रडे, कधी बहिणीच्या खोड्या सांगून हसे. बोलून झाले की पेजेचे दोन घोट घेई. तेवढ्यावर ती तग धरून होती, पण घास घेत नव्हती.

एका सकाळी त्याने नुकतेच दळलेले नाचणीचे पीठ तिच्यासमोर धरले. तिने द्रोण दोन्ही हातांनी नाकाजवळ घेतला. तिचा चेहरा उजळला आणि पुन्हा मावळला.

"सगळं आहे रे," ती म्हणाली. "चूल आहे, जातं आहे. आई तेवढी नाही."

बोधिसत्त्व वाकून उभा होता. त्या क्षणी त्याला पिठाच्या वासावर चढून येणारा दुसरा वास आला. तो त्याच्या फार ओळखीचा होता. या खेपेस तो त्याच्या ओठावरून येत नव्हता, तिच्या हातांवरून येत होता.

"आईसाहेब, हातांना चंदन कधीपासून लावता?"

"लग्नाच्या दिवसापासून. दासी रोज सकाळी लावतात. राणीच्या हाताला कामाचा वास येऊ नये म्हणून."

"आणि तुमच्या आईच्या हाताला?"

राजमातेने द्रोण खाली ठेवला.

बोधिसत्त्वाने राजाला सांगितले, की राजमातेच्या हातांना काही दिवस उटी लावू नये, ते शिकेकाईने धुवावेत, आणि मग तिला पीठ मळू द्यावे. राजाला ते रुचले नाही. "राजाच्या आईनं भाकरी थापायची? लोक काय म्हणतील?"

"लोक काहीतरी म्हणतील, महाराज. आईसाहेब जेवतील."

पुढे एका सकाळी राजवाड्याच्या मागच्या अंगणात चूल मांडली. राजमातेला धरून आणून बसवले. तिने परातीत पीठ घेतले, ऊन पाणी घातले आणि मळू लागली. पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडली. दासी पुढे धावल्या, तशी ती म्हणाली, "थांबा गं. पहिली भाकरी चुलीची, आई म्हणायची." तिने तो तुकडा विस्तवात टाकला आणि दुसरा गोळा घेतला. थापता थापता तिच्या तळहातांना पीठ, घाम, धूर आणि राख सारे एकदम लागले.

केसांची बट डोळ्यांवर आली म्हणून तिने हात वर नेला, आणि तो तोंडाजवळच थांबला.

तिने दोन्ही तळहात चेहऱ्यावर ठेवले. तव्यावरची भाकरी करपली, तरी कोणी हलले नाही. मग हातांच्या आतून लहान मुलीसारखा आवाज आला. "आई, आलीस होय."

त्या दिवशी राजमाता अर्धी भाकरी जेवली. उरलेली अर्धी तिने राजाला भरवली, आणि राजानेही ती सर्वांसमोर खाल्ली.

त्यानंतर ती कितीतरी हिवाळे जगली. रोज सकाळी ती एक भाकरी स्वतः थापत असे आणि थापण्याआधी हात हुंगत असे. राजाने बोधिसत्त्वाला प्रमुखपद परत देऊ केले. तो म्हणाला, "पद श्रीगुप्ताकडेच राहू द्या. रेघ मात्र ओठावरून काढून कोपराला लावायला सांगा. कोपराला लावलेला गूळ चाटता येत नाही, तसं तिथलं चंदन हुंगता येणार नाही. मानही राहील आणि नाकही." श्रीगुप्त पहिल्यांदा फार चिडला. पण रेघ ओठावरून उतरल्यावर काही दिवसांनी, एका सकाळी तो गुरूंच्या अंगणात येऊन रांगेच्या शेवटी गुपचूप बसला. शेजारच्या बोधिसत्त्वाने त्याला सरकून जागा दिली.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, एका विहारात सांगितली. तिथे धर्माकर नावाच्या स्थविराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूने, सकाळच्या पाठाला बसणे सोडले होते. सारे पाठ आहे, आता नव्या भिक्षूंच्या रांगेत काय बसायचे, असे त्याला वाटे. शास्त्याने त्याला बोल लावला नाही. कथा संपवून तो शांतपणे म्हणाला, "भिक्षूंनो, त्या वेळची राजमाता म्हणजे आज आपल्याला भिक्षा वाढणारी वृद्ध उपासिका नंदयंती. पुष्यक म्हणजे तुम्हाला पाठ देणारा तरुण भिक्षू सुव्रत. श्रीगुप्त म्हणजे हा आपला धर्माकर, जो तेव्हाही उशिरा आला, पण आला. आणि पाठीत चापट खाऊन पुन्हा शिकलेला तो गंधी मीच होतो. मला अजून कळायचे आहे हे ओळखणे, आणि त्यासाठी रोज सकाळी रांगेत जाऊन बसणे, यालाच प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता, म्हणतात."

दुसऱ्या दिवशी पाठाच्या वेळी सुव्रताने डोळे उघडले, तेव्हा रांगेच्या शेवटी धर्माकर बसलेला होता.