मधल्या वळणाचा दगड

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. माघ महिना, थंडी अजून सरली नव्हती. घाटाखालच्या एका गावात हैबती नावाचा एक म्हातारा गाडीवान होता. अंगाने वाळलेला, पण मान ताठ.

त्या गावावरून मिठाचा जुना रस्ता जात असे. शेकडो वर्षे खाडीचे मीठ बैलगाड्यांनी घाट चढून वर देशावर गेले. पुढे मोटारींचा रस्ता दुसरीकडून निघाला. जुन्या रस्त्यावर गवत माजले. मुलांना तो रस्ता ठाऊकच राहिला नाही.

तेव्हा गावाने ठरवले, जुन्या नाक्याच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी खेळाचे मैदान करायचे आणि ते त्या रस्त्यासारखेच करायचे. काम जिवबा मेस्त्रीला दिले. रस्ता सांगायला हैबतीला बोलावले.

हैबती काठीने जमिनीवर रेघा ओढी आणि जिवबा तसे बांधी. एका टोकाला वाळूचा खड्डा, तो मिठागर. मग बांबूचा नाका. मग बैलांचा हौद. पुढे मातीचा दीड पुरुष उंच ढीग, तो घाट. त्यावर तीन वळणांची फरसबंद वाट आणि माथ्यावर बाजाराचा पार. उतरायला कड्यावरून घसरगुंडी. मुलांनी ओढायला लाकडी गाडी आणि मिठाऐवजी वाळूची पोती.

“चढण जरा कमी ठेवू का, बाबा?” जिवबाने विचारले.

“चढण कमी केलीस तर तो घाट नव्हे, ओटा. त्यावर बायका पापड वाळत घालतील.”

जिवबा हसला. चढण तशीच ठेवली.

मधल्या वळणावर पाटी लागायची होती, ‘हैबतीचे वळण’. त्यामागची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. चाळीस वर्षांपूर्वी घाटातल्या मधल्या वळणावर हैबतीचा बैल गुडघ्यावर आला. बारा पोत्यांची गाडी मागे घसरू लागली. खाली दरी. हैबतीने मागून खांदा लावला आणि एकट्याने गाडी अडवली.

“घाटात चाकामागे लावायला दगड ठेवत ना?” जिवबा म्हणाला. “दर वळणावर एकेक ठेवतो.”

“बाकी वळणांवर ठेव. माझ्या वळणावर नको. मी काय दगड लावला होता?”

ढिगाच्या उतारावर ठमा नावाची म्हातारी हरळी लावत होती. जन्मभर तिने घाटात गवत कापले होते. ती मान वर न करता म्हणाली, “तिथंच ठेव मेस्तरी. लेकरांची गाडी हाय.”

“तुला काय कळतं गाडीतलं?” हैबती गुरकावला.

ठमाने आपला उजवा हात पाहिला. त्याला तीनच बोटे होती.

“थोडं कळतं,” ती म्हणाली आणि पुन्हा हरळी लावू लागली.

खरे काय ते दोघांनाच ठाऊक होते. त्या दिवशी हैबतीचा खांदा सटकला होता. गवताचा भारा टाकून ठमा धावली आणि तिने चाकामागे दगड सारला. गाडी थांबली. तिची दोन बोटे त्या दगडाखाली गेली. घाटाची रीत अशी होती की ज्याची गाडी, त्यानेच पुढे निघताना वाटेतला दगड उचलून बाजूला ठेवायचा, नाहीतर मागची गाडी अडखळते. हैबतीने दगड उचलला नाही. तिचे नावही विचारले नाही. रक्ताळल्या हाताने तिनेच तो दगड बाजूला केला. वर बाजारात लोकांनी विचारले, “वाचलास कसा रे?” हैबती म्हणाला, “खांदा लावला.” ठमा कधी कुणाजवळ बोलली नाही.

मैदान खुले व्हायच्या आदल्या सकाळी मुलांनी रिकामी गाडी ओढून पाहिली. मधल्या वळणावर दोर ढिला पडला आणि गाडी मागे आली. बाकीची मुले बाजूला पळाली. हैबतीची नात बकुळ पळाली नाही. तिने खांदा लावला. गाडीने तिला दोन पावले मागे रेटले, तोच जिवबाने चाक धरले.

“हैबतीचीच नात!” लोक ओरडले.

बकुळ हसत आजोबांकडे आली. “उद्या भरलेली अडवीन.”

“गाडी मागं आली की बाजूला व्हायचं. ऐकलंस?”

“तुम्ही झाला होता बाजूला?”



दुसऱ्या दिवशी सगळा गाव जमला. सरपंचांनी नारळ फोडला. गाडीत वाळूची सहा पोती भरली. बकुळ गाडीच्या मागे, खांदा सरसावून उभी राहिली.

“थांबा,” हैबती म्हणाला.

मेस्त्रीच्या उरलेल्या दगडांतला एक दगड त्याने उचलला. छातीशी धरून, धापा टाकत तो मधल्या वळणापर्यंत चढला आणि दगड वाटेच्या कडेला ठेवला.

“इथं मी गाडी अडवली नाही,” तो म्हणाला. “माझा खांदा सटकला होता. गाडी दगडानं अडली. दगड ठमानं लावला. तिची बोटं त्यात गेली. मी चाळीस वरसं खोटं सांगितलं.”

सरपंच चाचरले, “मग ती पाटी...”

“खोड माझं नाव, जिवबा. तिचं घाल.”

ठमा पुढे आली. “एवढं बोलायला चाळीस वरसं लागली व्हय रं गाडीवाना?”

“चढण होती,” हैबती म्हणाला.

मग त्याने बकुळला जवळ बोलावले आणि चाकामागे दगड कसा सारायचा, बोटे कुठे ठेवायची, ते दाखवले. मुलांनी गाडी ओढली. मधल्या वळणावर मुले दमली, दोर ढिला पडला. बकुळने दगड सारला. गाडी जागच्या जागी थांबली. मुलांनी दम घेतला आणि गाडी पारावर नेली.

दगड वाटेतच राहिला होता. बकुळ परत फिरली, तर हैबतीने तिला हाताने थांबवले. तो स्वतः वाकला. दगड उचलून त्याने कडेला ठेवला.

“फिटलं,” ठमा म्हणाली.

तात्पर्य: आपण मारलेल्या बढाईच्या वाटेने उद्या आपलीच लेकरे चालतात, म्हणून ज्याच्या हाताने तरलो, त्याचे नाव वेळीच सांगावे.