टिपेचा गळा

एका गावात भिकाजी नावाचा सुतार राहत होता. अंगानं धिप्पाड, मिशा भरघोस. पण भजनात गायला लागला की आवाज असा उंच आणि निर्मळ चढायचा, की वाटेनं जाणाऱ्याला वाटावं, आत कुणी बाईच गातेय. भजनी मंडळाच्या गुणाजीबुवांना त्याची किंमत ठाऊक होती. "हा गडी आहे म्हणून आपला गजर रंगतो," असं ते घरी बायकोजवळ म्हणायचे. घरांच्या भिंती पातळ, त्यामुळे सगळ्या आळीला ते माहीत होतं. चारचौघांत मात्र बुवांनी असं कधी म्हटलं नाही.

एकदा शेजारच्या गावाशी भजनाचा सामना लागला. भिकाजीनं वरचा सूर लावला, तसा समोरच्या मंडळातून एक जण ओरडला, "अहो बुवा, वहिनींना मागे का बसवलंत? येऊ द्या की पुढं!"

मंडप हसला. भिकाजीनं बुवांकडे पाहिलं. बुवाही हसत होते.

बायकांत बसलेल्या शेवंताच्या, भिकाजीच्या बायकोच्या, अंगाचा तिळपापड झाला. ओरडणारा परका होता, त्याचं तिला काही वाटलं नाही. पण आपल्या बुवांनी हसावं?

परतताना बुवा म्हणाले, "भिकाजी, यापुढं खालच्या पट्टीत गा. पुरुषासारखा. मंडळाचं हसं होतं."

"हसं तुम्ही केलंत, बुवा," शेवंता ताडकन म्हणाली.

भिकाजीनं तिलाच गप्प केलं. मंडळातून काढलं तर गायचं कुठं, ही त्याची भीती.

मग तो रोज घसा खरवडून जाड आवाज काढू लागला. शेवंता भाकरी थापता थापता ऐकायची आणि रागानं तवा आदळायची. "चिखलात रुतलेल्या रेड्यासारखं काय चाललंय? देवानं दिलेला गळा त्या माणसासाठी मारताय?" भिकाजीनं ऐकलं नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. खालचा सूर धड आला नाही, वरचा राहिला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा सामना. समोरच्या बुवांनी एका तरण्या गड्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "गेल्या साली तुमच्याकडं जो गळा ऐकला, तसा आम्ही गावोगाव शोधला. हा आमच्या मंडळाचा कळस!" तो गडी टिपेला पोचला आणि मंडप डोलायला लागला. कुणीही हसलं नाही.

गुणाजीबुवांचा चेहरा उतरला. "भिकाजी, चढव! तुझा तो सूर लाव!"

भिकाजीनं तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

"ऐन वेळी दगा दिलास!" बुवा कडाडले.

शेवंता उठून थेट मंडपाच्या मधोमध आली. "दगा? त्या लोकांनी थट्टा केली, पण घरी जाऊन तसाच गळा शोधला. तुमच्या तर घरात होता, बुवा! तुम्ही तो ओळखून होतात आणि तरी हसलात. आता हाक मारली की परत यायला आवाज म्हणजे काय गोठ्यातली गाय आहे?"

शेवंतानं नवऱ्याचा हात धरला आणि भरल्या मंडपातून त्याला घरी नेलं.

तात्पर्य: थट्टा करणाऱ्या परक्यापेक्षा, गुण ओळखूनही लोकांबरोबर हसणारा आपला माणूस जास्त घात करतो; अशा माणसाची मर्जी राखायला आपल्या अंगचा गुण कधी मारू नये.