खारीने बांधलेला साकव

सागाच्या एका दाट रानात, ऐनाच्या झाडाच्या ढोलीत, एक तरुण खार आपल्या आईबरोबर राहत होती. मुलांनो, त्या रानाच्या कडेला, पठारावर, एक मोठे विद्यापीठ होते. तिथे प्राणी पूल बांधायला, बांध घालायला, पावसात न ढासळणारी बिळे खोदायला शिकत. तिथली पदवी घेऊन जो परत येई, त्याने बांधलेल्या पुलावर सगळे रान निर्धास्त पाऊल टाकी. खारीलाही तेच शिकायचे होते. पण त्याआधी प्रवेशपरीक्षा द्यावी लागे, आणि तिचे नुसते नाव निघाले की भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळे.

परीक्षेच्या तयारीसाठी एका खोल घळीच्या काठावर साळिंदर गुरुजींचा वर्ग भरत असे. खारीबरोबर ससा, माकड आणि घोरपड असे तिघे शिकायला होते. एके सकाळी गुरुजींनी वेलीचा साकव, म्हणजे लहानसा पायपूल, कसा बांधतात ते सांगायला घेतले. ते म्हणाले, "वेलीवर ओझं आलं की तिच्यात ताण येतो. झोळ जितका कमी, तितका ताण जास्त. कळलं का सगळ्यांना?"

खारीला काहीच कळले नव्हते. झोळ कमी म्हणजे वेल घट्ट, आणि घट्ट वेल तर मजबूत असायला हवी! विचारावे म्हणून तिने पंजा अर्धा उचलला. तेवढ्यात माकडाने मान डोलावली, सशाने डोलावली, घोरपडीनेही डोलावली. 'हिला एवढंही कळत नाही!' असे सगळे म्हणतील, या भीतीने खारीने पंजा खाली घेतला आणि आपणही मान डोलावली. गुरुजी पुढच्या धड्याकडे वळले.

आणि त्या दिवसापासून भीती खारीच्या पोटात घर करून बसली. पुढचा प्रत्येक धडा त्या न कळलेल्या धड्यावर उभा होता. गुरुजी 'ताण' हा शब्द उच्चारत तेव्हा ती घोरपडीच्या आड लपे. त्यातच कावळा फांदीवर येऊन बसला आणि म्हणाला, "गेल्या वर्षी एक हरिणी परीक्षेला उभी राहिली होती. पहिल्याच प्रश्नाला तिची वाचा बसली. अजून कुणाला तोंड दाखवत नाही बिचारी." इकडे आई झाडोझाडी सांगत सुटली होती, "आमची पोर पूल बांधणार हं!" ते ऐकले की खार ढोलीत आणखी आत सरके.

शेवटी ती पोपटाकडे गेली. "पोपटदादा, हा झोळ आणि ताण म्हणजे नक्की काय हो?"

"अर्थाच्या भानगडीत कशाला पडतेस?" पोपट म्हणाला. "मी म्हणतो तसं म्हण. झोळ घटे, ताण वाढे. झोळ वाढे, ताण घटे. घोकत राहा, परीक्षा आपोआप पार पडेल."

खार घोकू लागली. चालताना, खाताना, शेपूट झाडताना ओठांवर तेच. वर्गात गुरुजींनी विचारले की तिचे उत्तर सगळ्यांच्या आधी येई. गुरुजी खूश झाले. त्यांनी सगळ्यांसमक्ष तिची पाठ थोपटली, आणि मुलांनो, खारीची भीती दुप्पट झाली. आता तर विचारायची सोयच उरली नाही! जिला सगळे हुशार म्हणतात, तिने आता कुठल्या तोंडाने सांगावे की मला पहिला धडाही समजलेला नाही?

परीक्षा तोंडावर आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "पाठांतर पुरे. या घळीवर खरा साकव बांधायचा. खारूताई, बांधणी तू करायचीस. मग सगळे त्यावरून पलीकडे जाऊ."

घळीच्या तळाशी सुळक्यांसारखे खडक होते. खारीने वेल हातात घेतली तेव्हा पाठ केलेल्या ओळी तोंडात होत्या, पण त्यांचे या वेलीशी काय नाते, ते तिला उमजेना. झोळ ठेवायचा तर कशासाठी? आणि किती?

माकड हसून म्हणाले, "अगं, ओढ की घट्ट! लोंबता साकव पाहून सगळं रान हसेल आपल्याला."

तिने वेल ओढून ओढून ताठ केली आणि दोन्ही काठांवरच्या झाडांना गच्च गाठी मारल्या. साकव अगदी सरळ रेषेत, देखणा दिसू लागला. गुरुजींची नजर आता मंद झाली होती. त्यांनी लांबूनच मान हलवली.

"मी पहिला जातो," ससा म्हणाला. "आमच्या खारूताईनं बांधलाय, भ्यायचं काय कारण?"

सशाने एक पाय वेलीवर ठेवला. वेल कुरकुरली. 'गप्प राहा,' भीती तिला म्हणाली, 'कदाचित टिकेल.' सशाने दुसरा पाय उचलला. खाली खडक दिसत होते, आणि त्यांच्यावरून तिचा भाबडा, हसरा मित्र विश्वासाने निघाला होता.

"थांब!" खार किंचाळली. तिने झेप घेऊन सशाचा कान पकडला आणि त्याला काठावर ओढले. "नको जाऊस! मला नाही माहीत हा टिकेल की नाही. गुरुजी, मला ताण म्हणजे काय तेच कळलेलं नाही. पहिल्या दिवसापासून कळलेलं नाही!" एवढे बोलून तिने दोन्ही पंजांत तोंड लपवले आणि आता सगळे हसणार म्हणून ती वाट पाहू लागली.

कुणीच हसले नाही. गुरुजींच्या सांगण्यावरून माकडाने आणि घोरपडीने सशाच्या वजनाचा एक दगड फासात अडकवून साकवावर ढकलला. दगड मधोमध पोहोचतो न पोहोचतो तोच वेल काडकन तुटली. दगड खडकांवर आदळून फुटल्याचा आवाज घळीत घुमत राहिला.

माकड हळूच म्हणाले, "मलाही कळलं नव्हतं. बाकीच्यांना कळलं असेल असं वाटून मी मान डोलावली."

"मी तर तुझ्याकडे आणि सशाकडे बघून," घोरपड पुटपुटली.

"आणि मी तुमच्या माना बघून पुढे गेलो," गुरुजी म्हणाले. "चूक माझीही आहे. या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करू."

त्यांनी तुटलेल्या वेलीचे एक टोक खारीला दिले, एक माकडाला, आणि मधोमध एक जड गोटा टांगला. "आता वेल सरळ करा." दोघे ओढू लागले. वेल सैल होती तोवर गोटा सहज तोलला जात होता. पण वेल जसजशी सरळ होऊ लागली तसतसे हात जास्तच ताणले जाऊ लागले. शेवटी पंजे सोलवटले, तरी वेल काही सरळ होईना.

"अगं बाई!" खार ओरडली. "ताठ वेलीला तेच ओझं उचलायला कितीतरी जास्त जोर लागतो! म्हणून झोळ ठेवायचा!" त्या दिवशी तिने पुरेसा झोळ ठेवून नवा साकव बांधला. आधी त्यावर दगड चालवला, मग ती स्वतः गेली, आणि मगच इतरांना बोलावले.

परीक्षेला पुढ्यात परीक्षक म्हणून एक धिप्पाड गवा बसला होता. तो नुसता फुरफुरला तरी जमीन हादरे. त्याने विहिरीच्या आतल्या भिंतीविषयी काहीतरी विचारले. खार म्हणाली, "हे मला येत नाही. पण मातीचा रेटा चारी बाजूंनी येतो, तेव्हा भिंत गोल असावी, असं वाटतं. चूक असेल तर सांगा."

गव्याने तिच्याकडे रोखून पाहिले. मग तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "येत नाही म्हणणारी आज तू पहिलीच. आत ये. बाकीचं आम्ही शिकवू."

पठारावर जायच्या दिवशी आईने तिला जवळ घेऊन विचारले, "बाळ, अजून भीती वाटते का गं?"

"वाटते ना," खार म्हणाली. "पण आता ती कशाची वाटते ते मला सांगता येतं."

तात्पर्य : न कळलेले लपवले की भीती वाढत जाते आणि दुसऱ्याच्या जिवावर बेतते; 'कळलं नाही' एवढे धीराने म्हणणे, हीच खऱ्या शिक्षणाची सुरुवात.