ओलं आहे, हात लावू नका

एका गावात एक भोळा वाढपी होता. नाव शिदू. चंद्राक्काच्या खानावळीत तो पंगत वाढायचा. कामाला वाघ, पण सांगितलेलं एकदा डोक्यात बसलं की हलायचं नाही.

त्या आठवड्यात सूतगिरणीचे साहेब जेवायला येणार होते. जेवण पसंत पडलं, तर साठ कामगारांची ताटं रोज आक्काकडे लागणार होती. नाहीतर खानावळीला कुलूप, हे नक्की.

"स्वयंपाक माझ्यावर सोड," आक्का म्हणाली. "पण खानावळ चालते ती वाढणाऱ्याच्या वागण्यावर. माणूस बास म्हणाला तरी वाढत राहायचं. आग्रह करायचा!"

"बरं, आक्का."

मंगळवारी एक म्हातारबाबा जेवून उठले. शिदू त्यांच्या हातावर पाणी घालू लागला. बाबा म्हणाले, "बास." शिदू घालतोय. "अरे, बास की!" शिदूनं अख्खी घागर ओतली. धोतर चिंब!

"अरे देवा!" आक्का ओरडली. "निदान पुसायचं तरी! सांडलेलं दिसलं की फडकं मारायचं, विचारत बसायचं नाही."

"बरं, आक्का."

बुधवारी पेंटरनं खानावळीची नवी पाटी रंगवली. ठळक हिरवी अक्षरं, आणि थोडे ओघळ. पेंटर चहाला गेला. पाटीवर इतकं हिरवं सांडलेलं शिदूला बघवेना. त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं पाटी पुसून कोरी केली.

आक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे माझ्या राजा, ओल्याला हात लावायचा नसतो! दुसऱ्यालाही लावू द्यायचा नाही. वाळेपर्यंत राखण करायची!"

"बरं, आक्का." इतकं शहाणं शिदूला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

गुरुवारी साहेब आले. अंगात पांढराशुभ्र शर्ट. आक्कानं ताट पाठवलं. भरलं वांगं, गरम भाकरी, झणझणीत आमटी. वासानंच साहेब खूश झाले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीकडे नेला, तोच शिदूनं मनगट धरलं.

"साहेब, ओलं आहे. हात लावू नका."

"काय ओलं आहे?"

"आमटी."

"मग?"

"वाळू द्या."

साहेबांना वाटलं, गंमत करतोय. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शिदू आपला मन लावून आमटीला वारा घालतोय. शेवटी साहेब भडकून उठले. "बास! बास झालं!"

बास म्हटल्यावर काय करायचं, ते शिदूला पाठ होतं. त्यानं पळी भरून आमटी वाढली. साहेब ताटावर नव्हते, म्हणून साहेबांवरच वाढली. सांडली. मग विचारत न बसता त्यानं खांद्यावरचं तेच हिरवं फडकं मारलं. शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत हिरवागार! साहेब बाहेर पळाले. मागोमाग शिदू.

आक्का चुलीपासून धावत आली, तर ताट भरलेलं आणि खानावळ रिकामी. ती मटकन खाली बसली.

तासाभरानं शिदू धापा टाकत, हसत परत आला.

"आक्का, काळजीच सोडा. साहेबांना गिरणीत पोचवलं. साठच्या साठ कामगार मदतीला धावले, पण एकाला हात लावू दिला असेल तर शपथ! साहेब अजून ओलेच आहेत. माझी भाकरी बांधून द्या, राखणीला परत जायचंय."