झाकली मूठ

फार पूर्वी, उत्तरेच्या गार समुद्राकाठी, तलवारींच्या मुठी मढवणारा एक कारागीर राहत होता. पाते घडवायचा लोहार. त्यावर मूठ बसवून ती सजवायचा हा. लोखंडात केसाएवढ्या चरी पाडून त्यांत तो चांदीची तार ठोकून बसवी. हात असा, की बघणाऱ्याने बघतच राहावे. आणि आपला हात किती चांगला आहे, हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

एकदा अख्खा हिवाळा खपून त्याने सरदारासाठी मूठ केली. तिच्यावर आपल्याच पंजांनी आपलाच गळा आवळून बसलेले एक जनावर कोरले. वसंतात जहाजे स्वारीवर निघायची होती, त्या दिवशी सकाळी लोहाराकडून पाते आले. मूठ बसवण्याआधी नुसते पाते ऐरणीवर तीनदा वाजवून ऐकायचे, अशी त्या धंद्याची रीत. याने वाजवले. तिन्ही वेळा ते तडकलेल्या मडक्यासारखे बद्द वाजले. मुठीत जाणाऱ्या टोकाशी बारीक चीर होती.

पाते परत पाठवावे, तर निरोपाच्या मेजवानीत मूठ मिरवणार कशी? "सरदार तर मागे उभा राहून हुकूम सोडणार. तो कशाला तलवार उपसतोय!" अशी स्वतःचीच समजूत घालून त्याने मूठ ठोकून बसवली. चीर चांदीखाली गेली.

मेजवानीत जो तो वाहवा करू लागला. सरदार तर इतका खूश झाला, की म्हणाला, "बाबा रे, अशी मूठ तुझ्याच घराला शोभते. तुझा लेक आज माझ्या जहाजावर येतोय ना? ही त्याला दिली."

कारागिराला दोनच शब्द बोलायचे होते. पण सारा गाव त्याच्याकडे कौतुकाने बघत होता.

लेकाने तलवार हातात तोलली आणि हसत विचारले, "बाबा, पातं वाजवून बघितलंत ना?"

"न बघता देईन का?" बाप म्हणाला.

पानगळीत जहाजे परतली. लेक परतला नाही. सरदाराने नुसती मूठ आणून बापाच्या हातात ठेवली.

"पहिल्याच घावाला पातं मुठीपाशी मोडलं," तो म्हणाला. "पोराला पुढे काही करताच आलं नाही." मग चांदीवरून अंगठा फिरवत हळहळला, "पण तुझं काम बघ. एक तार हलली नाही!"

तात्पर्य: झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरे, पण मुठीत चीर झाकली, तर तिचे मोल कुणाच्या तरी पोराला चुकवावे लागते. ते पोर दर वेळी परक्याचेच असेल, असे नाही.