करंजाभोवतीचे तीन पार

फार दिवस झाले नाहीत, एक जंगल होतं. ते सुधारलं, तेव्हा त्याला शहर म्हणायला लागले. त्या शहराच्या भरचौकात एक करंज उभा होता आणि करंजाच्या ढोलीत भिंगरी नावाची खार तीन पिल्लं घेऊन राहत होती.

शहराची एक रीत होती. जो निवडून येई, तो करंजाला पार बांधी आणि त्यावर आपलं नाव कोरून घेई. पहिला पार गवेसाहेबांनी बांधला, चांगला ऐसपैस. पुढं रानडुकरे निवडून आले. बाहेर रस्ता, म्हणून त्यांनी आतल्या बाजूनं बांधला. मग लांडगेअण्णांनी त्याच्याही आत, ग्रॅनाइटचा. आता खोड आणि लांडगेअण्णा यांच्यात जेमतेम चार बोटं माती उरली होती.

भर श्रावणात करंजाची पानं पिवळी पडली. ढोलीची फांदी वाळून करकरायला लागली. पिल्लांचे तर अजून डोळेही उघडले नव्हते. भिंगरी उठली आणि नवे उमेदवार तरसभाऊ यांच्याकडं गेली. तरसभाऊ सदा हसतमुख. दुखवट्यालासुद्धा.

"भाऊ, आमच्या झाडाला थोडी जागा द्या हो."

"ताई, भरचौकात दिलीय! माझ्या सख्ख्या मेव्हण्याला मिळाली नाही."

"मुळांचं म्हणतेय मी. पाणी आत जात नाही, वारा जात नाही. पार फोडा, दोन हात माती मोकळी करा."

"मुळं पडली जमिनीखाली. तिथं फीत कुठं बांधायची?"

"फोडतानाही फोटो निघतोच की," भिंगरी म्हणाली.

तरसभाऊ हसायचे थांबले. विचार करताना ते थांबत.

संध्याकाळच्या सभेत ते गरजले, "बंधूंनो, भगिनींनो आणि पिल्लांनो! माझ्या करंजाचा श्वास कोंडलाय! गव्यांनी कोंडला, डुकऱ्यांनी कोंडला, लांडग्यांनी कोंडला! तिन्ही पार फोडल्याशिवाय मी मिशीला तेल लावणार नाही!"

"पार हटाव, करंज बचाव!" चौक दुमदुमला.

भिंगरीनं घारीची नजर चुकवत घरोघर चिठ्ठ्या वाटल्या. एकूण एक खारीचं मत तरसभाऊंना पडलं. भाऊ निवडून आले आणि आठव्याच दिवशी पहारी घेऊन अस्वलं चौकात हजर झाली. भिंगरीला भरून आलं.

पहिल्या पारावर गवेसाहेब बसले होते. गळ्यात तरसभाऊंच्या पक्षाचं उपरणं.

"सकाळीच प्रवेश केला," ते म्हणाले. "झाडांच्या विकासासाठी."

दुसऱ्या पारावर रानडुकरे, तेच उपरणं. तिसऱ्यावर लांडगेअण्णा. त्यांना ते जरा आखूड होत होतं.

"भाऊ, फोडायचं काय मग?" अस्वलांनी विचारलं.

तरसभाऊंनी चौकभर नजर फिरवली. तिन्ही पारांवरची नावं आता आपलीच होती. आपल्या पक्षात नसलेलं तिथं एकच उरलं होतं.

दुपारपर्यंत करंज आडवा झाला. भिंगरी दोन पिल्लं गटाराच्या पाइपात ठेवून आली होती. तोंडातलं तिसरं पिल्लू तिनं खाली ठेवलं.

"भाऊ, तुम्ही पार फोडणार होता ना?"

तरसभाऊंचा चेहरा खरंच पडला.

"करंजालाही निरोप धाडला होता, ताई. पक्षप्रवेशाच्या मांडवात दोन तास वाट पाहिली. सगळे आले. तो काही आला नाही."